बिनचाकाची गाडी

२१ जून २०२५, शनिवार

जुन्या वहीला वाळवी लागली, म्हणून ही नवी. वनखात्याच्या लाकूड डेपोत सागाचे गोल मोजून रजिस्टरात चढवण्यात बत्तीस वर्षं गेली. रिटायर झालो तरी हात शिवशिवतो. आता मोजायला लाकडं नाहीत, तर दिवस लिहितो.

आज शाळेमागच्या उतारावर पोट्टे शिंदीच्या झावळीवर बसून घसरत होते. एक बसतो, दुसरा देठ धरून ओढतो, आणि ओल्या गवतावरून दोघंही थेट खालच्या धानाच्या बांधीत. त्यांच्या आया ओरडत होत्या. मी मात्र अर्धा तास उभा राहून बघत होतो. चिखलात गाडी रुतते ती चाकामुळे. झावळीला चाकच नाही, मग रुतणार काय?

आमच्या टोल्यापासून, म्हणजे वस्तीपासून, डांबरी रस्ता अडीच किलोमीटर, मध्ये नाला. पावसाळ्यात ना बैलगाडी जात ना मोटरसायकल. आजारी माणूस खाटेवर घालून चौघांनी खांद्यावर न्यायचा. गेल्या साली केसरबाईला असंच नेताना एकाचा पाय सरकला, म्हातारी खाटेसकट नाल्यात पडली. तापासाठी नेली होती, मोडक्या खुब्यानं परत आली.

तरुणपणी जंगलतोडीच्या कूपात पाहिलेलं आठवलं. दुबेळक्याच्या फांदीवर गोलाचं एक टोक ठेवायचे आणि रेडे ओढत न्यायचे. कितीही चिखल असो, गोल सरसर जायचा. जी वस्तू पोट्ट्यांना कळते ती मला साठाव्या वर्षी कळली. असो.

२९ जून, रविवार

गाडी झाली. खाली तिवसाच्या टणक लाकडाच्या दोन लांब पट्ट्या, पुढची टोकं नैसर्गिक वाकाचीच शोधून काढली, त्यासाठी दोन दिवस सरपण धुंडाळलं. पट्ट्यांच्या तळाला लोखंडी पत्रा, तो निर्वासितांच्या कॅम्पातल्या बंगाली मिस्त्रीनं ठोकून दिला. वर खाटेसारखी सुतळीची वीण, बाजूला धरायला बांबू. पुढे जू. बांड्या आणि लाख्या या माझ्या बैलांना आधी काही समजेना, मागे चाकांचा आवाज नाही म्हणून दोघंही वळूनवळून पाहत होते.

शकूबाई, म्हणजे आमच्या मंडळी, दारातून म्हणाल्या, "अवो, चाकं लावाचं विसरले काय?"

"चाकं नाईच हायेत तिले."

"मंग गाडी काऊन म्हनता? पलंग म्हना."

सून उर्वशी पदर तोंडाला लावून हसली. पहिलटकरीण आहे, सातवा सरत आलाय. मुलगा प्रफुल तिकडे मोहर्लीला जिप्सी चालवतो, लोकांना वाघ दाखवतो. बायकोला बघायला महिन्यातून एकदा येतो. पोट्ट्यांनी गाडीला नाव दिलं, घसरगाडी. मला आवडलं.

११ जुलै, शुक्रवार

रोवणी. धानाच्या रोपांचे पऱ्हे सगळे घसरगाडीनं बांधीत पोचवले. दरवर्षी चार बायांच्या डोक्यावरून जायचे, यंदा एका खेपेत. येताना रिकाम्या गाडीवर पोट्टे चढले, एकावर एक सात. गुलाबभाऊचा नातू पडला आणि चिखलानं माखून पुन्हा चढला. गुलाब माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्यानं बांधावरून ओरडून विचारलं, "गुनवंता, मले बसू देतं का नाई?" बसला. साठीचा माणूस, पाय वर करून ओरडत होता.

१९ जुलै, शनिवार

आज खरी परीक्षा झाली. केसरबाईचा ताप डोक्यात गेला, बडबडू लागली. घोंगडी अंथरून तिला गाडीत निजवलं. घड्याळ लावलं. जू मानेवर ठेवल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पस्तीस मिनिटं. खाटेवरून सव्वा तास लागायचा. नाल्यात पाणी मांडीएवढं होतं, तरी गाडी डगमगली नाही. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर खाली उतरून गाडीभोवती फिरला, फोटो काढला.

संध्याकाळी घरी माणसं येऊन गेली. सरपंच म्हणाले, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गाडी सजवून ठेवा, सत्कार करू. मी वरवर नको म्हटलं. इथं खोटं कशाला लिहू, झोपताना छाती फुगली होती.

२ ऑगस्ट, शनिवार

आशाताई रश्मी आली होती. शेजारच्या गावची, चिखल तुडवत येते, बोलायला फटकळ. उर्वशीच्या दंडाला पट्टा बांधून मोजलं आणि मला बाजूला बोलावलं.

"काकाजी, बीपी वाढून राह्यली हिची. वरचा आकडा दीडशे हाये. पायावर सूज हाये. गोळ्या देतो, पन हिले आता दवाखान्याजवळच्या सरकारी माहेरघरात ठेवा. तिथी डॉक्टर जवळ असते. रस्ता असा, नाला असा, ऐन टायमाले काय करान?"

मी म्हटलं, "माहा स्वतःचा आकडा एकशे साठ हाये, दिवसभर रंधा मारतो. आन् नाल्याचं काय घेऊन बसली? पस्तीस मिनिटात रस्त्यावर आनतो."

ती गाडीकडे बघत राहिली. म्हणाली, "गाडी चांगली हाये काकाजी. पन गाडी दवाखाना नाई."

तोंडाळ पोरगी. पण कामाची.

१० ऑगस्ट, रविवार

उर्वशीच्या अंगावर तेज आलंय. चेहरा भरला, हात भरले, बांगड्या मनगटात रुतून बसल्यात. शकूनं साबण लावून दोन काढल्या. शकू म्हणते पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. पहिल्या खेपेला असंच असतं, प्रफुलच्या वेळी हिचेही पाय सुजले होते. आठवण करून दिली तर म्हणाली, "माहे पाय सुजले होते, तोंड नाई."

दुपारी उर्वशी म्हणाली, "मामाजी, डोकं लय ठनकते. डोळ्यापुढं काजवे चमकून राह्यले."

म्हटलं, "भर दुपारी काजवे? टीव्ही कमी पाय."

हसली. मग मी तिला गाडीत बसवून नाल्यापर्यंत फिरवून आणलं, म्हणजे ऐन वेळी भीती नको. दोन्ही बांबू घट्ट धरून बसली होती, जाताना-येताना एक शब्द बोलली नाही. मजा वाटली असावी. घरी आल्यावर उलटी झाली, पण सकाळची आंबील जड गेली असणार.

प्रफुलचा फोन. माहेरघराबद्दल रश्मीनं त्यालाही सांगितलंय. मी म्हटलं, पोळा होऊ दे. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला उर्वशी माहेरी होती. घरच्या सुनेनं बैलांना ओवाळायचं हे यंदा पहिल्यांदाच होणार. बाळंतपणाची तारीख सप्टेंबरच्या मध्यातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मीच तिला सजवलेल्या गाडीतून नेतो, वाजतगाजत. त्यानं उर्वशीला फोन द्यायला सांगितला. ती म्हणाली, "मामाजी म्हनतीन तसं."

शहाणी पोर आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

रश्मी पुन्हा. पुन्हा तेच. यावेळी आकडा एकशे साठ. शकूही तिच्या बाजूनं बोलायला लागली, तेव्हा मी चिडलो. म्हटलं, सहा दिवसांचा प्रश्न आहे, सहा दिवसांत काय आभाळ कोसळतं? रश्मीनं तिचा नंबर भिंतीवर कोळशानं मोठा लिहून ठेवला. चुना ताजा होता, भिंत खराब केली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

खांदशेकणी. बांड्या आणि लाख्याला नाल्यावर धुतलं. संध्याकाळी त्यांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळली, पळसाच्या पानानं शेकलं. वर्षभर जू वाहून खांदा दगडासारखा होतो, लोणी लावताना बोटांना कळतं. मग रिवाजाप्रमाणे एकेकाच्या कानात सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. लहानपणी मला वाटायचं त्यांना कळतं. आताही वाटतं. उद्या ते पाहुणे. उद्या त्यांच्या मानेवर काडी ठेवायची नाही.

घसरगाडीला गेरू लावला, बांबूंना पताका. उर्वशी पुरणाची डाळ निवडत बसली होती, मध्येच डोकं भिंतीला टेकवून डोळे मिटायची.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा.

२४ ऑगस्ट, रविवार. गडचिरोली, दवाखान्याची ओसरी

लिहितो. लिहिलं नाही तर दुसरं काय करू.

शुक्रवारी बारा वाजून दहा मिनिटांनी शकूची किंकाळी आली. मी अंगणात लाख्याच्या शिंगाला बेगड चिकटवत होतो. आत गेलो तर उर्वशी चुलीपाशी पडलेली, हातपाय ताठ, दात आवळलेले, अंगभर झटके. दोन-तीन मिनिटांनी थांबले. शकूनं भिंतीवरचा नंबर बघून रश्मीला फोन लावला. रश्मी म्हणाली, रुग्णवाहिका बोलावते, एका मिनिटाचाही वेळ न घालवता रस्त्यावर आणा.

उर्वशीला घसरगाडीत निजवलं. माणसं जमली. गुलाब, सरपंच, आणखी दहा-बारा. आणि मी बैलांकडे बघितलं. दोघांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात माळा. खांद्यावर कालचं लोणी अजून ओलं.

मी म्हणालो, "आज पाहुने हायेत ते. आज जू ठेवता येत नाई. आपन मानसं ओढू."

हे माझं वाक्य. कुणी मला शिकवलं नाही, कुणी माझ्या तोंडी घातलं नाही. मला देवाचं भय वाटलं का? तेही नाही. सगळा टोला समोर उभा होता, तासाभरात तोरण होतं, माझा सत्कार होता. मीच कानात आवतन दिलं आणि मीच जू ठेवणार, हे त्या घडीला मला जमलं नाही. एवढंच. याहून मोठं कारण मी दोन दिवस शोधतो आहे, सापडत नाही.

आठ माणसांनी ओढली. गाडी बैलांसाठी केलेली, तिवसाची, वजनदार. जू आडवं धरून माणसाला जोर लावताच येत नाही. दर पन्नास पावलांवर थांबत होतो. नाल्याच्या अलीकडच्या चिखलात पट्ट्या जाऊन बसल्या, त्या हलेनात. उर्वशीला दुसरा झटका आला. तिच्या तोंडातून फेस येत होता आणि आम्ही आठ जण "हैय्या" करत होतो. पताका अजून बांबूलाच होत्या.

तेवढ्यात मागून शकू आली. दोन्ही बैल घेऊन. झुली तिनं वाटेत फेकल्या होत्या. आयुष्यात तिनं जुवाला हात लावला नव्हता, बायांनी लावायचा नसतो. माझ्याकडे न बघता जू उचललं आणि बांड्याच्या मानेवर ठेवलं. लोण्यामुळे जू सरकायला लागलं, तिनं लुगड्याच्या पदरानं खांदा पुसला. मग म्हणाली, "हाका आता. का मीच हाकू?"

रस्त्यावर पोचलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं. रुग्णवाहिका बारा पंचावन्नपासून उभी होती. ड्रायव्हर तोच, फोटो काढणारा.

तालुक्याला सुई दिली, तिथून गडचिरोली. पोट चिरलं. मुलगी होती. पूर्ण वाढलेली, नखंसुद्धा. तिनं श्वास घेतला नाही. नर्सनं टॉवेलात गुंडाळून दाखवली. नाक उर्वशीचं, कपाळ आमचं. मी तिला घेतलं तेव्हा ती गरम होती. एवढ्या वर्षांत इतकी लाकडं उचलली, इतकं जड काही उचललं नव्हतं.

शनिवारी सकाळी प्रफुलनं तिला कठाणी नदीच्या काठी पुरलं. मला चल म्हणाला नाही. बाहेर रस्त्यावरून लहान पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ओढत चालली होती.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उर्वशी जगली. काल डोळे उघडले. डोकं जड आहे म्हणते. पोरीचं कुणी सांगितलं नव्हतं, तिनं पोटावर हात ठेवला आणि स्वतःच समजून घेतलं. रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

प्रफुलनं आज विचारलं, "बाबा, झटका किती वाजता आला होता?"

मी म्हणालो, "एक वाजत आला होता."

त्यानं मनात हिशेब केला. मला दिसला तो हिशेब. एक ते दोन, तास म्हणजे नाला, पाऊस, चिखल, होतं असं. त्याच्या खांद्यावरचा ताण थोडा उतरला. शकू शेजारीच बसली होती. ती उठून बाहेर गेली.

बारा वाजून दहा मिनिटं. निदान इथं तरी खरं राहू दे.

डॉक्टरबाईंनी मला मुद्दाम काही म्हटलं नाही. दुसऱ्या कुणाला समजावत होत्या, अशा केसमध्ये तास महत्त्वाचा, आणि खरं तर आठवडाभर आधीच इथं यायला हवं होतं. मी खांबाआड होतो.

३१ ऑगस्ट, रविवार. घरी

बैलांकरता आलो. अंगणात झूल पडलेली, कोंबड्यांनी चिवडलेली. लाख्या हात चाटायला आला. त्यानं माझं काही बिघडवलं नाही, तरी त्याच्या जवळ उभं राहवेना.

गुलाब आला. ओसरीच्या कडेला बसला. मी म्हणालो, "मी तवा जू ठेवलं असतं, तर टोल्यानं काय म्हटलं असतं रे?"

"काई नाई."

"काईच नाई?"

"गुनवंता, आमी सारे थांबलो होतो. तू म्हन, मंग जुपतो म्हनून. बैल तुहे, सून तुही, आमी कसं म्हनाव? सरपंचबी म्हने, अरे जुपाव आता. पन हळूच म्हने. तुले आयकू नाई गेलं."

तो गेल्यावर मी पोटभर रडलो. मला वाटत होतं ते सगळे मला अडवत उभे आहेत. ते माझ्या एका शब्दासाठी उभे होते. आता सांगू तरी कुणाला?

रश्मीचा फोन आला होता, उर्वशीच्या टाक्यांबद्दल विचारत होती. मला एकही उणा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

उद्या उर्वशीला सोडणार. पाऊस सुरूच आहे, नाला भरून वाहतो. गाडीच्या पताका काढल्या, गेरू घासून काढला. वीण ढिली झाली होती ती आवळली. खाली तणसाचा जाड थर, त्यावर गोधडी, त्यावर शकूचं मऊ लुगडं. टाके ओले आहेत, धक्का बसायला नको. पट्ट्यांच्या तळाला तेल दिलं. हातानं ढकलून पाहिली, पाण्यावरच्या डोंग्यासारखी सरकते. दिवसभर हेच केलं. एवढं तरी नीट करू.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दहाला बैल घेऊन डांबरी रस्त्यावर जाऊन थांबलो. साडेअकराला ऑटो आला. आधी प्रफुल उतरला, मग शकू, मग दोघांना धरून उर्वशी. चेहऱ्यावरची सूज गेली होती. खाली इतका लहान चेहरा आहे हे मी विसरलो होतो. मनगटं बारीक, बांगड्या नाहीत.

मी गोधडी नीट केली. म्हणालो, "बेटा, ये. हळूच बस. धक्का नाई लागनार."

ती गाडीजवळ आली. लाख्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग बांड्याच्या. म्हणाली, "मामाजी, बैलाईले कशाले तरास? मी चालतो."

प्रफुल म्हणाला, "पागल झाली का? अडीच किलोमीटर हाये. टाके हायेत पोटाले."

"चालन मी."

शकूनं छत्री उघडली. मी पुन्हा म्हणालो, "बैलाईले काई तरास नाई बेटा, तुह्यासाठीच आनले."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. राग नव्हता, असता तर मी पाय धरले असते. हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी जागीच होती, मामाजी. बोलता येत नव्हतं. पन सारं आयकू येत होतं. तुमी म्हनले, आज पाहुने हायेत ते."

प्रफुल माझ्याकडे वळला. मी मान खाली घातली. बारा वाजून दहा, मी म्हणालो. एक नाही. बारा वाजून दहा. त्यानं उर्वशीच्या दंडाला धरलं आणि दोघं चिखलात उतरले.

एक हात पोटावर, एक प्रफुलच्या खांद्यावर, पाऊल उचलायचं, थांबायचं. शकू मागे छत्री धरून. नाल्यापाशी उर्वशी वाकून उभी राहिली, मला वाटलं टाका तुटला. तिचं पोलकं पुढून ओलं झालं होतं. पावसानं नाही. दूध होतं. शकूनं झटकन पदर तिच्या अंगावर टाकला. मी तोंड फिरवलं, पण दिसायचं ते दिसलं होतं. पोर गेली आणि दुधाला अजून कुणी सांगितलं नाही.

प्रफुलनं तिला उचलून नाला पार केला. पलीकडे ती पुन्हा खाली उतरली, पुन्हा चालू लागली.

दोन तास लागले. मी सगळ्यांच्या मागे होतो, गोधडी अंथरलेली गाडी घेऊन. गाडी रिकामी, तळाला तेल, बैलांना घराची ओढ. ते सारखे पुढे जायला बघत होते. तिच्या पुढे जाऊ नयेत म्हणून घरापर्यंत मी कासरा ओढून त्यांना थांबवत राहिलो.